मशिदीच्या सहलीला न आलेला मुलगा

मी इंग्लंडमध्ये शाळेत शिकवते. आमच्या इयर फोरची, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची, मशिदीची सहल ठरली आणि एका पालकाचा दोन ओळींचा ईमेल आला: आमचा मुलगा येणार नाही. कारण लिहिलं नव्हतं. लिहिण्याची गरजही नाही. इंग्लंडमध्ये आर.ई.च्या, म्हणजे धर्मांची ओळख करून देणाऱ्या तासांमधून मुलाला काढून घ्यायचा हक्क कायद्यानेच पालकांना दिला आहे. संपूर्ण विषयातून काढा नाहीतर एखाद्या भागातून, शाळेला नाही म्हणता येत नाही. बाकीचा वर्ग मशीद पाहून आला. हा मुलगा दिवसभर दुसऱ्या वर्गात बसून गणितं सोडवत होता.

मला ते लागलं. त्याहून जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशी फाटकापाशी. तेच पालक भेटले, अगदी आपुलकीने बोलले. दिवाळीचा धडा मुलाला फार आवडला, घरी येऊन त्याने सगळं सांगितलं, म्हणाले. आणि मग हळूच, “मशिदीचं तुम्हाला तर समजेलच.” मी हिंदू, भारतातली, म्हणून मला समजेल, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. रात्री सांगलीला आत्याला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, “बरं केलं गं त्यांनी. तू कशाला मध्ये पडतेस?”

मला नाही समजलं, आणि समजून घ्यायचंही नाही.

तिकडे बसून तुम्हाला वाटेल, हा तास म्हणजे संस्कारवर्ग असेल, स्तोत्रं, पाठांतर. तसं काहीच नसतं. मशिदीत मुलांनी बूट काढले, वुजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची, जागा पाहिली, मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, कोणत्या दिशेला आणि का ते ऐकलं, भिंतीवर चित्रं न दिसता अक्षरंच का दिसतात ते विचारलं. नमाज पढायला कोणी सांगितलं नाही. चर्चमध्ये नेतो तेव्हाही प्रार्थना करायला लावत नाही. कोण काय मानतं आणि त्यामुळे त्याचा दिवस कसा जातो, एवढंच शिकवायचं. हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. प्रत्येक भागातली स्थानिक समिती तो ठरवते आणि तिच्यात चर्च ऑफ इंग्लंड, इतर पंथ आणि धर्म, शिक्षक आणि कौन्सिल अशा चारही बाजूंची माणसं असतात. आपल्याकडे असे चार गट एका टेबलाशी बसून मुलांचं पुस्तक ठरवतील का, हा विचार माझ्या मनात बरेचदा येतो.

पालकांच्या या हक्काचं मूळ मी शोधलं तेव्हा राग जरा निवळला, पण प्रश्न वाढला. १८७०च्या शिक्षण कायद्यात तो आला. तेव्हा शाळेत धर्म शिकवायचा म्हणजे ख्रिस्ती धर्मच शिकवायचा, आणि वेगळ्या पंथाच्या किंवा ज्यू घरातल्या मुलावर तो लादला जाऊ नये म्हणून ही वाट ठेवली. १९४४च्या कायद्यानेही ती ठेवली. पुढे विषयच बदलला. १९७५ साली बर्मिंगहॅमने इतर धर्मांना जागा देणारा अभ्यासक्रम काढला आणि १९८८च्या कायद्याने सगळ्या इंग्लंडला सांगितलं, ख्रिस्ती परंपरा मुख्य, पण देशातल्या बाकी प्रमुख धर्मांचाही विचार हवा. वाट मात्र तशीच उघडी राहिली. अल्पसंख्य मुलाला वाचवायला केलेली तरतूद आज अल्पसंख्यांकडे पाहायचंच नाही यासाठी वापरता येते. शेजारच्या वेल्सने २०२१च्या कायद्याने नव्या अभ्यासक्रमातून हा हक्क काढून टाकला. इंग्लंडने अजून नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर सरकारी शाळेत हा तासच नाही. खरं आहे. राज्यघटनेच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे. पण आम्हाला तासाची गरज कुठे होती? मोहरमला कडेगावचे उंच ताबूत पाहायला आम्ही घरातले सगळे जायचो. ईदला मुसलमान शेजाऱ्यांकडून शिरखुर्मा घरी यायचा, दिवाळीला फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं. दर्ग्याच्या उरुसाला जायला कोणाची परवानगी मागितली नाही. इथल्या मुलांना जे सहल काढून दाखवावं लागतं ते आमच्या गल्लीत होतं. हे अभिमानाने सांगते, पण नमाज कोणत्या दिशेला तोंड करून आणि का पढतात, हे मला इथे शिकवायची वेळ आली तेव्हाच नीट कळलं. गल्लीने चव दिली, माहिती नाही दिली. तरीही निवडायचं झालं तर मी गल्लीच निवडेन. ती गल्ली आता आत्याच्या बोलण्यातही उरलेली नाही, म्हणून तो फोन इतका खुपला.

आणि “हिंदू असून येशू शिकवतेस?” असं विचारणाऱ्यांना सांगते, ईस्टरचा धडा शाळेने माझ्यावर विश्वासाने सोपवला आहे. क्रुसावरचा मृत्यू आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान ख्रिस्ती माणसासाठी काय आहे, हे मी जीव ओतून शिकवते. इथे शिक्षकालाही हा विषय न शिकवण्याचा हक्क आहे. तो मला कधीच नको.

या सत्रात तीर्थयात्रांचा धडा आहे. पुस्तकात हज आहे, ख्रिस्ती लोकांचं फ्रान्समधलं लूर्द आहे, वाराणसी आहे. पंढरपूर नाही. हिंदू धर्म म्हटलं की शाळेच्या कपाटातून तेच ते पूजेचं ताट निघतं, घंटा, निरांजन, कुंकवाची वाटी, आणि भिंतीवर त्रिमूर्तीचा तक्ता. आमच्या विठोबाला त्यात कुठेच जागा नाही. म्हणून मी वारी घेतेय. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी, शेकडो मैल नव्हे पण दोन-अडीचशे किलोमीटर पायी, आणि वाटेत एकमेकांच्या पाया पडणारी अनोळखी माणसं. चोखोबा आणि जनाबाई सांगणार आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमदही सांगणार आहे, मुसलमान घरात जन्मून विठ्ठलभक्त झालेले. तो मुलगा या तासाला बसणार आहे, कारण हिंदू धर्माला त्याच्या घरी हरकत नाही.

त्याच्या पालकांना मी लिहिलंय, पुढच्या मशिदीच्या सहलीला तुम्ही स्वतःही चला, मुलाबरोबर चाला, जे दिसेल ते पाहा. मुख्याध्यापिकेने ईमेल वाचून होकार दिला आणि सहलीच्या बसमध्ये एक जागा जास्तीची धरली आहे.