एडिसनचं छप्पर आणि इंदिरानगरची गच्ची

मागच्या पावसाळ्यात एका रात्री बाबांचा फोन आला. इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये, रात्रीचे साडेदहा वाजले होते, म्हणजे नाशिकला सकाळचे आठ. पावसाळ्यात फोन केला की बाबा आधी गोदेचं सांगतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलंय ते. त्या दिवशी तेही राहिलं. "देवघराच्या कोपऱ्यातून पाणी टपकतंय," म्हणाले. "गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून दीड वर्ष नाही झालं."

इंदिरानगरचं आमचं घर 1994 सालचं. गच्चीवर नवीन कोबा आणि वॉटरप्रूफिंग करायला बाबांनी 1,15,000 रुपये मोजले होते, तेही सगळे एकदम, काम संपल्या दिवशी. ठेकेदार एकदा येऊन बघून गेला. "काका, हे माझ्या कामातलं नाही. तुम्ही नंतर सोलरचं स्टँड बसवलं, त्यांनी कोब्यात बोल्ट मारले. पाणी तिथून घुसतंय." त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

बाबा चिडले होते. ओळखीच्या नगरसेवकाला सांगून त्याला उचलून आणतो, म्हणाले. मी म्हटलं, चार दिवस थांबा, मला आधी सगळे कागद पाठवा. हे मी शहाणपणाने म्हणत नव्हते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः याच जागी उभी होते, आणि सुरुवातीला बाबांसारखीच वागले होते.

इथली घरं लाकडाची असतात. वर स्लॅब नसतो. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर पाणी अडवणारा एक थर आणि सगळ्यात वर शिंगल्स, म्हणजे डांबराच्या, वर बारीक खडे चिकटवलेल्या पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढवलेल्या. वीसेक वर्षांनी ते सगळं उचकटून नवीन घालावं लागतं. आम्ही ते 14,600 डॉलरला करून घेतलं. 3,800 डॉलर द्यायचे बाकी होते, आणि पहिल्याच मोठ्या पावसात बेडरूमच्या छतावर चहाच्या कपासारखा गोल तपकिरी डाग उमटला.

ठेकेदार म्हणाला, छप्पर ठीक आहे, तुमच्या धुराड्याच्या विटा पाणी पितात. मी म्हटलं, एक पैसा मिळणार नाही. तो म्हणाला, मग मी घरावर लीन टाकतो. सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसंच ते. घर विकायला काढलं की आडवं येतं. रात्री झोप लागेना. तीन आठवडे आम्ही एकमेकांना फक्त धमक्यांचे मेसेज पाठवले, आणि तेवढ्यात डाग ताटाएवढा झाला.

मग एका रविवारी मी शांतपणे करार उघडला. इथल्या राज्याचा नियम आहे की 500 डॉलरच्या वरचं घरदुरुस्तीचं काम लेखी कराराशिवाय करायचं नाही. ठेकेदाराची राज्याकडे नोंदणी लागते, तो क्रमांक करारावर हवा, आणि सही केल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत (सुट्ट्या सोडून) ग्राहकाला करार मोडता येतो. हे कागद मी सही करताना नीट वाचले नव्हते. आता वाचले, तर सातव्या ओळीत स्पष्ट होतं: धुराड्याभोवतीचं फ्लॅशिंग नवीन बसवणार.

फ्लॅशिंग म्हणजे छप्पर आणि उभी भिंत जिथे भेटतात तिथला पत्रा. शिंगलच्या प्रत्येक ओळीला एक, असे काटकोनात वाकवलेले छोटे तुकडे पायऱ्यांसारखे चढत जातात, आणि त्यांच्यावरून दुसरा पत्रा येतो, ज्याची वरची कड विटांच्या सांध्यात खाच पाडून आत बसवतात. छपराच्या मधल्या भागापेक्षा गळती बहुतेक अशा सांध्यांतच होते. आपल्याकडे गच्चीत कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात, त्या कोनात गवंडी जो गोलसर वाटा काढतात, त्याचं काम हेच.

मी त्याला धमकीऐवजी पत्र लिहिलं, पोचपावतीच्या टपालाने. करारातली ओळ, डागाचे तारखांसकट फोटो, आणि एकच मागणी: या, आपण दोघं मिळून पाणी मारून बघू.

तो आला. पद्धत त्यानेच सांगितली. नळी खालून वर न्यायची, एका जागी दहा-पंधरा मिनिटं धरायची. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. माझा नवरा शिडीवर नळी घेऊन, मी आणि ठेकेदार माळ्यावर, पोटावर वाकून, गुलाबी इन्सुलेशनमध्ये, टॉर्च धरून. धुराड्याच्या खालच्या शिंगल्सवर पंधरा मिनिटं, कोरडं. मग नळी बाजूच्या फ्लॅशिंगवर. विटांवर अजून थेंबही पडला नव्हता. नवव्या मिनिटाला प्लायवूडच्या कडेवर एक थेंब फुगला, टॉर्चच्या उजेडात चमकला आणि पडला. मग दुसरा. ठेकेदाराने बोटाने तो पुसला, पुन्हा आला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे माझं." त्याच्या माणसांनी जुनंच फ्लॅशिंग ठेवून वर सीलंट, म्हणजे फटी बुजवायची लुगदी, फासलं होतं. ते तडकलं होतं.

त्या थेंबानंतर भांडण उरलंच नाही. पंधरा मिनिटांत स्वयंपाकघरात बसून आम्ही एक पान लिहिलं: तो नवीन फ्लॅशिंग बसवणार, छताच्या डागाची दुरुस्ती करून देणार, मी 3,800 डॉलर पुढच्या मोठ्या पावसानंतर देणार, आणि त्यानंतर कोणाचा कोणावर दावा नाही. दोघांच्या सह्या. जमलं नसतं तर इथे 5,000 डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, वकिलाशिवाय जाता येतं. तिथेही सुनावणीच्या दिवशी आधी समेटाचाच प्रयत्न करतात.

म्हणून बाबांना म्हटलं, कागद पाठवा.

कागद म्हणजे लेटरहेडवरचं एक कोटेशन, खाली पेनाने लिहिलेलं "5 वर्षे गॅरंटी" आणि सही. 65,000 यूपीआयने दिलेले, त्याची नोंद होती. 50,000 रोख, त्याची पावती नव्हती. पण ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर "50 मिळाले काका, धन्यवाद" लिहिलेलं सापडलं. बाबा ते डिलीट करणार होते, फोन भरला म्हणून. कृपा करून असे मेसेज कोणी डिलीट करू नका.

इथल्या ओळखीच्यांना वाटतं की भारतात अशा माणसाचं काही करता येत नाही. मला हे पटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतली त्रुटी स्पष्ट धरलेली आहे, आणि पैसे घेऊन केलेलं घराचं काम ही सेवाच. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ती ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बाबांना नाशिकमध्येच. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. आता ती ऑनलाइन, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल होते, आणि आधी सल्ला हवा असेल तर 1915 ही हेल्पलाइन आहे. कायद्यात मध्यस्थीचीही सोय आहे, दोन्ही बाजूंची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. निकालाची मुदत कायद्यात तीन महिने आहे, तपासणी लागणार असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. म्हणूनच मला आधी समोरासमोर बसायचं होतं. पण कागद असे जमवायचे की उद्या आयोगात जावं लागलं तरी अडणार नाही.

पत्राचा मसुदा मी केला, मराठीत, एक पान. कामाची तारीख, रक्कम, गॅरंटीची ओळ, गळतीचे फोटो, आणि "पंधरा दिवसांत येऊन आमच्यासमोर पाण्याची चाचणी करावी, अन्यथा ग्राहक आयोगात जावे लागेल." बाबा दोन दिवस ते पाठवेनात. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याच्या वडिलांनी आपला स्लॅब घातलाय गं. रात्री दोनपर्यंत कंदील लावून. तू सहा वर्षांची होतीस." मला हे माहीतच नव्हतं. मग पत्राच्या सुरुवातीला आम्ही ती ओळही घातली: तुमच्या वडिलांनी घातलेला स्लॅब आजही भक्कम आहे. हे खरं होतं आणि लिहायलाच हवं होतं.

पत्र स्पीड पोस्टने गेलं. सहाव्या दिवशी तो दारात उभा.

ऑगस्टमध्ये पावसाने चार दिवस उघडीप दिली तेव्हा चाचणी केली. त्याने विटा आणि सिमेंटचे दोन छोटे बांध घातले. एक सोलर स्टँडभोवती, एक देवघराच्या वरच्या कोपऱ्यात कठड्यालगत. दोन्हीत चार इंच पाणी. कोब्याच्या आतून पाणी हळू मुरतं, म्हणून दोन दिवस तसंच ठेवायचं. बाबा दर तीन तासांनी खाली येऊन छताला हात लावत होते आणि वहीत वेळ लिहीत होते. पहिल्याच रात्री देवघराचा कोपरा ओला झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या छतावरही ओल दिसली, बरोबर स्टँडच्या खाली.

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. कठड्यालगतच्या त्या गोलसर वाट्याला तडा गेला होता, तो त्याच्या कामाचा दोष. बोल्टची भोकं आमची. बाबांनी ते लगेच मान्य केलं, आणि मला वाटतं तिथेच गाठ सुटली, कारण त्यांनी मान्य केल्यावर त्यालाही वाट्याचं मान्य करणं सोपं गेलं. चहा झाला. वहीच्या पानावर लिहिलं गेलं: संपूर्ण कठड्याचा वाटा तो फोडून नवीन करणार, मजुरी आणि माल त्याचा. स्टँड उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा आणि भोकं भरायची, त्याचे 9,000 आम्ही देणार, पण पहिल्या मोठ्या पावसानंतर. गॅरंटी नव्या तारखेपासून 5 वर्षं. त्याची सही, बाबांची सही, शेजारच्या काकूंची साक्षीदार म्हणून.

सप्टेंबरमध्ये एका रात्री व्हिडिओ कॉल आला. बाबा छत्री घेऊन गच्चीवर, पाऊस कोसळतोय, आणि फोनच्या उजेडात ते वाट्यावरून बोट फिरवत दाखवतायत, घोटून गुळगुळीत केलेला, पाणी त्यावर न थांबता उतरतंय. मी विचारलं, देवघर?

"अजून खाली गेलोच नाही," म्हणाले. "अर्धा तास पडू दे चांगला. मग बघतो."