तुम्हाला तर एकटं राहायची सवयच होती ना?

करोनाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, मान्य. पण एकदाच नीट सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

सवय एकट्या घराची होती. आठवड्यातून एकदा आम्ही समवयस्क गे मित्र जमायचो, पोटभर बोलायचो, त्यावर बाकीचे दिवस निघायचे. मार्च 2020 मध्ये नेमकं तेच बंद झालं. थोरल्या भावाने आग्रहाने त्याच्याकडे नेलं. त्या भरल्या घरात माझ्याबद्दल कुणाला माहीत नव्हतं; असलंच तर कुणी बोललं नव्हतं. फोन आला की दार लोटायचं, आवाज खाली, नावं गाळायची. विशीत केलं तेच पासष्टीत.

त्यातच तो गेला. एकेकाळी आम्ही जोडीदार म्हणून एकत्र राहायचो. पुढे वेगळे झालो, तरी रात्रीचा फोन चुकला नाही. हॉस्पिटल फक्त नातेवाइकांशी बोलायचं. मला कळलं ते ग्रुपवर त्याच्या पुतण्याचा मेसेज आला तेव्हा. अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले: पीपीई किटमधली माणसं, मध्येच अडकणारं चित्र, कडेच्या चौकोनांत त्याचे नातलग. मी कॅमेरा बंद ठेवला होता. वहिनी दारात आल्या.

"कोण गेलं, भाऊजी?"

"ऑफिसातले एक होते."

"अरेरे," म्हणाल्या, आणि आवाज जरा कमी करायला सांगितला. पलीकडे मुलाची मीटिंग चालू होती. मी इअरफोन लावले. त्यातला एक बिघडलेला होता. उरलेलं सगळं एका कानाने ऐकलं.

"एड्सची साथ पाहिलेले तुम्ही, कणखर असणार," असंही ऐकवतात. 1981 मध्ये त्याच्या पहिल्या नोंदी झाल्या. 1996 च्या सुमारास प्रभावी एकत्रित औषधं आली, ती सगळ्यांपर्यंत पोचायला आणखी वर्षं गेली. पण तेव्हा लोक शिवायला घाबरायचे म्हणून आम्ही मुद्दाम मित्राचा हात धरून बसायचो. या वेळी हात धरायलाच बंदी.

समुपदेशकाकडे का गेला नाहीत? अहो, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली 1990 मध्ये. तोवर माझी पस्तिशी आली होती. त्या खोलीत शिरायचं म्हटलं की अजून छातीत धस्स होतं. तरुण पोरं जातात, त्यांना गुण येतो, हेही दिसतंच.

लॉकडाऊनच्या सुरुवातीला मीच मित्रांना सांगायचो, "आपण मुरलेली माणसं, आपल्याला काय होतंय?" थाप नव्हती ती, तेव्हा खरंच तसं वाटायचं. आणि वहिनींना सांगता आलं असतं का? आलं असतं. त्यांनी कदाचित समजूनही घेतलं असतं. पण बिनसलं असतं तर त्या बंदीत मी जाणार कुठे होतो? हिशोब बरोबर होता, असं मी स्वतःला बजावतो. मग त्या "ऑफिसातले एक"वर येऊन अडकतो.

भाऊ अजून म्हणतो, कायमचा इकडेच ये. मी "बघू" म्हणतो.