सत्याग्रहींच्या स्तंभासाठी जागा शोधताना

नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला २०३० मध्ये शंभर वर्षं होतील. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून हजारो माणसं त्या मंदिराच्या दारांशी गेली. त्यांत आमच्या वस्तीतलेही काही आजी-आजोबा होते. त्यांचं स्मारक करायचं ठरलं आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

पोरांना चौकात ब्राँझचा पुतळा हवा होता. चौक लगेच बाद झाला. सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. मग गोदाकाठची जागा पुढे आली. ती सगळ्यांना आवडली, मलाही. पण गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावर आपण नाशिककर पूर मोजतो. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराच्या पाण्याची आखून दिलेल्या हद्दीच्या, आत बांधकाम करता येत नाही, आणि करता आलं असतं तरी २०१६ चा पूर पाहिलेल्यांनी तिथे आपल्या माणसांची नावं ठेवू नयेत, असं मी बैठकीत ठामपणे सांगितलं. शेवटी महापालिकेच्या उद्यानातला एक कोपरा निवडला. दर २ मार्चला लोक जमणार, म्हणजे सावली, पाणी आणि चाकाची खुर्ची जाईल असा उतार हवाच.

पुतळ्याचा विषय मात्र लांबला. परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून, पोलिसांचा ना हरकत दाखला वेगळा, पुतळ्याच्या मातीतल्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता वेगळी. तेही केलं असतं. पण मालवणचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आतला सांगाडा, गंज, वारा यांचा हिशेब वर्षानुवर्षं कोण ठेवणार? शिवाय हजारोंच्या लढ्याला चेहरा कुणाचा द्यायचा? यावर एक आजी म्हणाल्या, "देऊळ काळ्या दगडाचं, तर आमची नावंबी काळ्या दगडातच कोरा." त्यानंतर कुणी पुतळ्याचा आग्रह धरला नाही. काळ्या पाषाणाचा स्तंभ ठरला.

सगळ्यात जास्त वेळ नावांनी घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता. घरोघरच्या आठवणी, जुनी पत्रं, त्या काळची वर्तमानपत्रं असं सगळं चाळलं. बायकांच्या बाबतीत फार वाईट वाटलं. कितीतरी जणी फक्त 'अमक्याची आई' म्हणून लोकांच्या लक्षात होत्या. त्यांची स्वतःची नावं लेकी-नातींकडून, माहेरच्या गावांतून शोधली. एकाच घरातली आठवण पुरेशी धरायची नाही, दुसरीकडून दुजोरा घ्यायचा, हा नियम आम्ही सगळ्यांना सारखा लावला. त्यावरून वाद झाले, काही जण अजून नाराज आहेत. पण उद्या सापडणाऱ्या नावांसाठी स्तंभाची एक बाजू कोरी ठेवली आहे. अक्षरं रंगवायची नाहीत, खोल कोरायची. रंग पाच-सहा पावसाळ्यांत उडतो.

वर्गणीचा एक भाग मुदत ठेवीत टाकला आहे. साफसफाई आणि दुरुस्ती त्याच्या व्याजातून होईल. अनावरणाच्या मांडवावरचा खर्च त्यासाठी कमी केला. सध्या फाइल महापालिकेत आहे. दरम्यान पायाची माती तपासून घेतोय. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल, असं अभियंत्यांनी सांगितलंय.