सोळा फुटांची कमान

कोलकात्याहून परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, दक्षिणेश्वर कसं वाटलं आणि रसगुल्ले आणलेस का. दक्षिणेश्वर छानच आहे, रसगुल्ले पुण्यापर्यंतच पुरले. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, तिथल्या एका पोलादी कमानीचं, आणि ते एका रविवारच्या सकाळी साडेसहा ते नऊ एवढ्या वेळात घडलेलं आहे.

त्याआधी आप्पांविषयी सांगते. माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये त्यांनी ३८ वर्षं काढली. साखर कारखान्यांच्या शेडचे ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे लोखंडी सांगाडे, गोदामांची छपरं, उसाच्या ट्रॉल्या, जिने, गेटं, सगळं केलं. माझ्या लहानपणी कधीकधी वेल्डिंगच्या झगझगाटानं रात्री त्यांच्या डोळ्यांत वाळू टोचल्यागत व्हायचं आणि आई बटाट्याच्या चकत्या कापून पापण्यांवर ठेवायची. घरभर कच्च्या बटाट्याचा वास सुटायचा. अजूनही आप्पा कुठल्या मंगल कार्यालयात गेले की नवरा-नवरीच्या आधी छताकडे बघतात.

आईला गंगासागरची फार वर्षांची ओढ होती, म्हणून फेब्रुवारीत निघालो. कोल्हापूर ते पुणे एसटी, पुढे आझाद हिंद एक्सप्रेस. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस गाडीत. आईनं भडंग, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी घेतली होती की नागपूर मागे पडेपर्यंत शेजारच्या बर्थवरचे लोक आमच्या घरचे झाले होते. गंगासागर झालं, कालीघाट झालं, व्हिक्टोरिया झालं. तीन दिवस असेच गेले.

हावडा ब्रिजवर मात्र आप्पा रेंगाळले. हा पूल १९४३ साली सुरू झाला, ७०५ मीटर लांबीचा आहे आणि अख्ख्या सांगाड्यात नट-बोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटवर. २६,५०० टन पोलाद, त्यातलं २३,००० टन टाटांचं. हे मी फोनवरून वाचून दाखवलं, पण रिव्हेट काय करतो ते आप्पांनी सांगितलं. रिव्हेट म्हणजे एका बाजूला डोकं असलेला जाड लोखंडी खिळा. लालभडक तापवून भोकात घालायचा, दुसऱ्या बाजूनं डोकं ठोकायचं. तो निवताना आक्रसतो आणि दोन्ही प्लेटा एकमेकींना अशा आवळतो की मधे कागद जाणार नाही. "निवताना जी ताकद लागती ना, ती माणसाच्या हातानं लागत न्हाई," म्हणाले.

आता ती कमान. शनिवारी टूरवाल्यांच्या गाडीतून आम्ही न्यू टाउनवरून चाललो होतो. हा कोलकात्याच्या पूर्वेचा नवा भाग, विमानतळाकडून येणारा रुंद रस्ता, दोन्हीकडे काचेच्या इमारती. समोर नारकेलबागानच्या चौकात एकदम ती दिसली, विश्व बांगला गेट. एकमेकींना आडव्या जाणाऱ्या दोन अजस्र पोलादी कमानी, अख्ख्या चौकाला पोटाखाली घेतलेल्या, आणि त्यांच्या मधोमध हवेत लटकवलेलं एक गोल कडं. खालून बस, टॅक्सी, ट्रक सगळं चाललेलं.

"अगं बया, ही वेस म्हणायची का काय!" आई म्हणाली.

आमच्या कोल्हापुरात वेस हा शब्द रोज तोंडात असतो. गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थ वेस. रिक्षावाल्याला सांगताना कुणाला दरवाजा आठवत नाही, कारण दरवाजे कधीच गेले, नावं तेवढी राहिली. त्यामुळे आईच्या तोंडून तो शब्द आला आणि मला पटकन वाटलं, बरोबर आहे, हा शहराचा दरवाजाच आहे.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला, "भैया, दो मिनिट रोको." ड्रायव्हर म्हणाला इथं थांबता येत नाही. ते मान्य. पण पुढे कुठे सोडा म्हटलं तर टूरचा मुलगा म्हणाला, "काका, ही काही बघायची जागा नाही, यादीत नाही." त्याच टूरवाल्यांनी आदल्या दिवशी एका साडीच्या दुकानात आम्हाला दीड तास बसवलं होतं, यादीत नसताना. याचा मला अजून राग आहे. माणूस जन्मात एकदा एवढ्या लांब येतो, त्याला काय बघायचंय हे त्याला ठरवू द्यावं.

गाडी पुढे गेली. आप्पा मागच्या काचेतून बघत राहिले, कमान इमारतींमागे जाईपर्यंत.

रात्री जेवताना मी म्हटलं, "आप्पा, उद्या पहाटे आपण दोघंच जाऊया. बसनं." आई म्हणाली, "लोखंड बघायला एवढ्या लांब आलायसा?" पण तिनंच पहाटे उठून आमच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि उरलेली दोन धपाटी ठेवली.

पूर्वेकडे दिवस लवकर उगवतो. साडेसहाला तिथं लख्ख उजेड होता, आपल्याकडे फेब्रुवारीत त्या वेळी रंकाळ्यावर फिरणारी माणसं अजून अंधारातच असतात. रविवार असल्यानं रस्ता बराच मोकळा. आप्पा पलीकडच्या फूटपाथवर उभे राहिले, एक डोळा मिटला, हाताचा अंगठा ओळंब्यासारखा समोर धरला आणि कमानीची कड त्यावरून वरपर्यंत तपासली. मग दुसऱ्या कोपऱ्यावर गेले. तिथूनही तेच. सिग्नल बघून, रस्ता ओलांडून, चारी बाजूंनी. पाऊण तास गेला. मी घाई केली नाही. त्यांना इतकं एकाग्र मी शेडमध्येच बघितलं होतं, डबा द्यायला जायचे तेव्हा.

नंतर ते एका कट्ट्यावर बसले आणि पिशवीतून सामानाची साखळी काढली. रेल्वेत बॅगा बर्थखाली कुलूप घालून बांधतो ती. दोन्ही टोकं दोन हातांत धरून मधे सैल सोडली.

"ही कशी लोंबली बघ. ह्यात प्रत्येक कडी शेजारच्या कडीला ओढतीया. आता हाच आकार उलटा कर, वर उचलल्यागत. मग प्रत्येक कडी शेजारच्या कडीला ढकलतीया. ओढणं गेलं, नुस्तं दाबणं राह्यलं. दाबत दाबत सगळं वजन जातं कुठं? पायात. आणि पाय म्हणतात, आम्ही बाहेर सरकतो. त्यांना सरकू द्यायचं न्हाई. निम्मं काम जमिनीखाली असतं, ते कुणाला दिसत न्हाई."

मी अभियांत्रिकी शिकलेली नाही, बँकेत नोकरी करते. पण ती साखळी बघून मला कमान कळली.

मग उन्हाचं सांगितलं. लोखंड तापलं की वाढतं. १०० मीटर लोखंड ३० अंशांनी तापलं तर साधारण साडेतीन सेंटिमीटर वाढतं. कमानीचे पाय बांधलेले, तिला वाढायला जागा वरच. म्हणून दुपारी ती माथ्याला किंचित उचलली जाते आणि रात्री परत बसते. "रोज श्वास घेती ती," म्हणाले.

चहाचा गाडा जवळच होता. मातीच्या भांड्यातला चहा, गोड आणि दाट. तिथं मुर्शिदाबादकडचा एक माणूस बसला होता, बांधकामावर वेल्डिंग करणारा. आप्पांचं हिंदी कोल्हापुरी आणि त्याचं बंगाली, तरी त्यांचं जमलं. कारण आप्पांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंतचे ठिणग्यांचे पांढरे डाग दाखवले. त्यानंही त्याची बाही वर केली. दोन्ही हात शेजारी शेजारी धरले तर डागांवरून कुणाचा कुठला हे सांगता आलं नसतं. चहाचे पैसे त्यानं आम्हाला देऊ दिले नाहीत. चार दिवसांत आम्हाला कोलकात्यात मिळालेला सगळ्यात मोठा पाहुणचार हाच.

तो गेल्यावर आप्पांनी विचारलं, "खाली किती सुटलंय गं?"

"म्हणजे?"

"रस्त्यापासनं त्या कड्यापर्यंत."

मी फोनवर शोधलं. गेट २०१९ साली लोकांसाठी उघडलं, उंची ५५ मीटर, आणि ते लटकतं कडं २५ मीटरवर. वर जायला लिफ्ट आहे, कड्यातून शहर दिसतं, आत रेस्टॉरंट आहे.

"फुटात सांग."

"ब्याऐंशी."

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं वर जायचं म्हणतील. ते म्हणाले, "मी सोळा सोडलं होतं."

गोष्ट मला थोडी माहीत होती, पण खोटी माहीत होती. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या रस्त्यावर आप्पांनी एक स्वागत कमान केली होती, मी सातवीत असताना. यात्रेच्या आधी गावकऱ्यांनी करायला सांगितली, आणि आप्पांनी मजुरी घेतली नाही. वर्षभरात ती कमान नाहीशी झाली. रस्ता रुंद होणार म्हणून काढली, असं आम्हाला सांगितलं होतं. रस्ता आजही तेवढाच आहे, आणि मी कधी विचारलं नाही.

झालं होतं असं. पाइप येतो २० फुटांचा. चार फूट जमिनीत काँक्रीटमध्ये गाडला की वर राहतात १६. त्याहून उंच करायचं तर पाइपला जोड द्यावा लागला असता, म्हणजे आतून बुश, जोड धरणारा नळीचा तुकडा, भोवती वेल्डिंग, ग्राइंडिंग, दोन्ही खांबांना. आप्पांनी विचार केला, बैलगाडी जाते, एसटी जाते, सोळा पुरे. महामार्गावर खाली साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट सोडायची रीत आहे, हे त्यांना माहीत होतं. पण हा गावचा रस्ता.

पहिल्याच गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली आली, नेहमीपेक्षा जास्त भरलेली. उसावर एक तोडकरी झोपला होता. कमानीच्या आडव्या पट्टीला ऊस घासला आणि तो माणूस खाली पडला. हात दोन ठिकाणी मोडला. गाव म्हणालं, चूक ट्रॉलीवाल्याची, एवढा भरलाच का. आप्पांना कुणी एक शब्द बोललं नाही. ते महिनाभर रोज कामावरून सुटल्यावर दवाखान्यात जात होते, खर्च दिला, त्या माणसाच्या बायकोला घरचा डबा नेत होते. आणि एका रात्री गॅस कटर घेऊन एकटेच गावाला गेले आणि कमान कापून आणली. त्यानंतर शेडमधली ३८ वर्षं पुरी होईपर्यंत त्यांनी सगळं केलं, पण कमान केली नाही. कुणी मागितली की म्हणायचे, माझ्याकडे वेळ नाही.

हे सगळं त्यांनी कमानीकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही. मी त्यांच्या हातातली साखळी घेतली, कारण ती थरथरत होती आणि तिचा बारीक आवाज येत होता.

आम्ही वर गेलो नाही. नऊच्या बसनं परत आलो. आईनं विचारलं, कसं होतं. आप्पा म्हणाले, "चांगलं काम केलंय." त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

परतीचा प्रवास तोच, फक्त भडंगाविना.

कोल्हापुरात आल्यावर दुसऱ्या दिवशी ते उद्यमनगरात गेले. संध्याकाळी मी आणायला गेले तर चहाच्या टपरीवर त्यांचे चार जुने सोबती माझ्याच फोटोंवर वाकून बसले होते. फोटो बोटांनी मोठा करायचा, सांध्याशी थांबायचं, वाद घालायचा. शहराच्या तोंडाला होणार म्हणतात त्या बास्केट ब्रिजचा विषय निघाला, त्यालाही कमान असणार. एकजण म्हणाला, "हिकडं पुराचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर येतंय, तिथं पाया कसला घ्याल?" आणि मग दोन तास फक्त पाया. आप्पा त्यात सगळ्यांत जास्त बोलत होते.

रविवारी मला म्हणाले, "गाडी काढ, गावाकडं जाऊन येऊ." मला वाटलं शेतावर. पण वेशीपाशी आल्यावर गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला, गवतात, ते बरोबर जागेवर जाऊन उकिडवे बसले आणि चावीनं माती उकरू लागले. खालून काँक्रीट निघालं, आणि त्यात जमिनीलगत कापलेल्या पाइपचं गंजकं कडं, आत मातीनं गच्च भरलेलं. समोरच्या बाजूलाही तसंच दुसरं असणार. त्यांनी बोट कड्याच्या कडेवरून गोल फिरवलं.

"भरणी अजून हललेली न्हाई," म्हणाले. मग जरा थांबून, "दोन फुटांचा जोड वाचवला मी."

तेवढ्यात कारखान्याकडे चाललेला ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, उसानं टम्म. आम्ही गवतात सरकलो. धूळ उडाली, एक-दोन ऊस घसरून रस्त्यावर पडले. दुसऱ्या ट्रॉलीवर एक पोरगा पाय सोडून बसला होता. आप्पांनी त्याला हात केला, त्यानंही केला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत आप्पा तिथंच उभे राहिले.