रोस्टर वाचायला शिका : अमेरिकेत व्हॉलीबॉलसाठी कॉलेज निवडताना

कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमच्या साइटवर फोटो, व्हिडिओ, चकाचक लॉकर रूम हे सगळं मन लावून पाहिलं जातं. रोस्टरवरून, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या यादीवरून, मात्र नजर नुसती फिरते. खरं तर तासभर बसून वाचायचं पान तेच.

गेल्या चार वर्षांचे रोस्टर चार टॅबमध्ये उघडा. जुने रोस्टर त्याच पानावर वर्ष बदलून मिळतात. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात आलेल्या मुलींची नावं लिहून काढा आणि त्यातल्या किती जणी आज शेवटच्या वर्षात दिसतात ते मोजा. पाच आल्या आणि चार टिकल्या तर उत्तम. पाच आल्या आणि एकच उरली, आणि मागच्या-पुढच्या वर्षीही तसंच असेल, तर कोच कितीही गोड बोलोत, त्या टीममध्ये मुली टिकत नाहीत. मग 'आधीची शाळा' हा रकाना बघा. तिथे हायस्कूलऐवजी दुसऱ्या कॉलेजांची नावं जास्त असतील तर कोच ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, टीम भरतात. एप्रिल 2024 पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. त्यामुळे बऱ्याच कोचना अठरा वर्षांची मुलगी दोन वर्षं घडवण्यापेक्षा एकवीस वर्षांची तयार हिटर आणणं सोपं वाटतं. त्यात गैर काही नाही, पण तुमच्या मुलीला पहिली दोन वर्षं बेंचवर काढावी लागतील का, याचा अंदाज इथेच येतो. आकडेवारीच्या पानावर 'एसपी' म्हणजे किती सेट खेळली तो रकाना असतो. पहिल्या वर्षाच्या मुलींचे आकडे तिथे पाहा.

मग पोझिशन. इथे हिशेबात एक चूक हमखास होते. मुलगी आत्ता अकरावीत असेल तर ती कॉलेजात पोचेपर्यंत आजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली गेलेल्या असतील. त्यांच्याशी तुलना करून उपयोग नाही. आज पहिल्या वर्षात कोण आहे आणि आत्ता बारावीत असलेल्या कोणी त्या कॉलेजला होकार दिलाय, ते पाहायचं. सेटरच्या, म्हणजे स्पाइकसाठी चेंडू चढवून देणारीच्या, बाबतीत तर हे फारच कडक आहे. 5-1 पद्धतीने खेळणाऱ्या टीममध्ये एकच सेटर पूर्ण सामना खेळते. आज पहिल्या वर्षात असलेली सेटर नियमित खेळत असेल तर तुमची मुलगी येईल तेव्हा ती तिसऱ्या वर्षात असेल, म्हणजे आणखी दोन वर्षं वाट पाहणं आलं. 6-2 खेळणाऱ्या टीममध्ये दोन सेटरना जागा असते. टीम काय खेळते हे दोन सामने पाहिले की कळतं.

भारतातून येणाऱ्या मुलींसाठी इथे एक मुद्दा महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत एका सेटला खेळाडूंचे सहाच बदल करता येतात आणि लिबेरोला, म्हणजे वेगळ्या रंगाच्या जर्सीतल्या बचावपटूला, सर्व्हिस करता येत नाही. अमेरिकन महिला कॉलेज व्हॉलीबॉलमध्ये सेटला 15 बदल मिळतात आणि लिबेरो एका रोटेशनमध्ये सर्व्हिस करू शकते. त्यामुळे फक्त मागच्या रांगेत खेळणाऱ्या डिफेन्सिव्ह स्पेशालिस्टला आणि सर्व्हिससाठीच आत येणाऱ्या मुलीलाही टीममध्ये खरीखुरी जागा असते. उंची कमी पण पास नेटका असलेल्या मुलीने व्हिडिओत सर्व्हिस दाखवलीच पाहिजे. भारतातल्या लिबेरोंच्या व्हिडिओत नेमकी तीच नसते. शिवाय 2024 पासून सेट करताना दुसऱ्या स्पर्शाला चेंडू दोनदा लागला आणि तो आपल्याच बाजूला राहिला तर फाउल देत नाहीत. म्हणून हात अगदी स्वच्छ नसले तरी धावत जाऊन चेंडू गाठणाऱ्या सेटरचा भाव थोडा वधारला आहे.

आता पैसे. जुने लेख वाचून लोक अजून सांगतात की डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांची संस्था एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, 12 पूर्ण स्कॉलरशिप असतात. जून 2025 मध्ये हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर लावलेल्या दाव्याची, तडजोड मंजूर झाली आणि चित्र बदललं. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपच्या संख्येचं बंधन नाही, पण टीममध्ये जास्तीत जास्त 18 मुली ठेवता येतात. स्कॉलरशिपचे तुकडे करूनही वाटता येतात. म्हणजे अमुक एका डिव्हिजन वन कॉलेजची ऑफर आली याचा अर्थ फी पूर्ण माफ असा आता राहिला नाही. सर्वांत मोठा फटका वॉक-ऑन मुलींना, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये येणाऱ्यांना. सतरावी किंवा अठरावी जागा पूर्वी कोचच्या मर्जीवर असायची, आता ती मोजलेली आहे. कोचला थेट विचारा: तुमचं कॉलेज तडजोडीत आहे का, रोस्टर कितीचा ठेवता, आणि माझ्या वर्षाच्या किती मुली घेणार आहात?

बाकीच्यांचं थोडक्यात. डिव्हिजन टूमध्ये टीममागे जास्तीत जास्त 8 पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम असते आणि ती वाटली जाते. सोळा मुलींत आठ म्हणजे सरासरी अर्धी, तीसुद्धा कॉलेजने पूर्ण निधी दिला तर. एनएआयए या एनसीएएबाहेरच्या संघटनेतही साधारण असाच हिशेब. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांपैकी एनजेसीएए या त्यांच्या संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पूर्ण स्कॉलरशिप मिळू शकते. तिथून दोन वर्षांनी मोठ्या कॉलेजात जाण्याचा रस्ता चांगला आहे, आपल्याकडचे पालक उगीच नाक मुरडतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसे नाहीत. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत.

पण 'स्कॉलरशिप नाही' म्हणजे 'महाग' असं नाही. समजा, दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च 55,000 डॉलर आणि व्हॉलीबॉलची 25 टक्के स्कॉलरशिप मिळाली, तर घरून 41,250 जातात. डिव्हिजन थ्रीच्या खाजगी कॉलेजचा खर्च 80,000 असून गुणांवर आणि गरजेवर मिळून 42,000 मिळाले, तर घरून 38,000. आणि स्वतःच्या राज्यातल्या विद्यापीठात एकही डॉलर न मिळता खर्च 30,000 असू शकतो. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. कोचला पहिली ईमेल पाठवण्याआधी तो भरा. भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, की सरकारी आर्थिक मदतीचा फाफ्सा अर्ज आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी नाही. आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कमाईवर निर्बंध असल्याने जाहिरातींचे करार बाकीच्या मुली करतात म्हणून आपणही करू नयेत. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं.

वेळापत्रकाची एक तारीख पाठ हवी: दहावी संपल्यानंतरचा 15 जून. त्याआधी डिव्हिजन वनचे कोच मुलीला भरतीबद्दल ईमेल, फोन, मेसेज काहीच करू शकत नाहीत. फक्त कॅम्पची जाहिरात आणि माहितीचा फॉर्म पाठवू शकतात. त्यामुळे नववीत मोठ्या विद्यापीठाकडून आलेल्या 'तुला आमच्या कॅम्पला यायला आवडेल का' या पत्राने हुरळून जायचं नाही. कॅम्प हे कोचिंग स्टाफचं उत्पन्नाचंही साधन आहे. पत्रात मुलीच्या खेळाबद्दल, तिच्या क्लबच्या एखाद्या सामन्याबद्दल काही लिहिलं नसेल तर ते सामूहिक पत्र समजा. अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून कॉलेजभेटी सुरू होतात. 15 जूनला फोन वाजला नाही म्हणून घरात सुतक नको, डिव्हिजन टू, थ्री आणि एनएआयएच्या बऱ्याच जागा बारावीपर्यंत भरत असतात.

मुलगी मात्र कोचला केव्हाही लिहू शकते, आणि तिनेच लिहायचं. बाबांनी लिहिलेली ईमेल दुसऱ्या ओळीत ओळखू येते. विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, पोझिशन, उंची, अप्रोच टच आणि क्लबचं नाव. आत जर्सी नंबर, पुढच्या स्पर्धेची तारीख आणि मिळाला असेल तर कोर्ट नंबर. अप्रोच टच म्हणजे धावत येऊन उडी मारल्यावर हात किती उंच पोचतो ते. तो खरा लिहा, कारण जाळी 2.24 मीटरची आहे आणि बाकीचं कोच व्हिडिओवरून मोजतात. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, मागच्या रेषेच्या मागून आणि वरून घेतलेला, पूर्ण कोर्ट दिसेल असा. सोबत एक अख्खा सेट, न कापलेला. नुसते जोरदार स्पाइक कोणाच्याही हातून निघतात. चूक झाल्यावर पुढच्या पॉइंटला मुलगी कुठे उभी राहते, हे कोचना बघायचं असतं. सेटरने वाईट पासवर काढलेले चेंडू आवर्जून घालावेत.

अभ्यासाच्या अटी खेळाआधी तपासा. डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे ठरावीक 16 कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत चारपैकी किमान 2.3 सरासरी, डिव्हिजन टूसाठी 2.2. डिव्हिजन वनमध्ये यांतले 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्यांतले 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे, आणि मग ते पुन्हा देऊन मार्क वाढवता येत नाहीत. बारावीत सगळं सावरू म्हणणारे इथे अडकतात. एसएटी आता एनसीएएला लागत नाही, पण कॉलेजला किंवा त्याच्या गुणवत्ता स्कॉलरशिपला लागू शकते. भारतातल्या मुलींना नववीपासूनच्या गुणपत्रिका आणि बोर्डाची प्रमाणपत्रं एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे द्यावी लागतात. कुठल्या देशाची कोणती कागदपत्रं चालतात, याची यादी केंद्राच्या साइटवर असते.

डिव्हिजन थ्रीमध्ये 'प्री-रीड' नावाचा प्रकार आहे. अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात कोच मुलीचे मार्क प्रवेश विभागाला दाखवून अंदाज घेतात. होकारार्थी उत्तर म्हणजे प्रवेश नव्हे. त्यानंतर कोच बहुधा अर्ली डिसिजनने अर्ज करायला सांगतात. तो अर्ज बांधून टाकणारा असतो, मिळालं तर जायचंच, म्हणजे दोन कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची संधी गेली. पैशाचा हिशेब त्याआधी झालेला हवा.

विषय निवडताना रोस्टर पुन्हा उघडा. खेळाडूंच्या माहितीत त्यांचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, लिहिलेला असतो. अठरातल्या बारा जणी दोनच विषयांत असतील तर ते आवडीमुळे नाही, सरावाच्या वेळेमुळे. इंजिनीअरिंगच्या लॅब आणि नर्सिंगच्या हॉस्पिटल ड्युट्या सरावाच्या वेळेवर आपटतात. 'आमच्याकडे नर्सिंग करता येतं' या उत्तरावर थांबू नका. गेल्या चार वर्षांत टीममधल्या कोणी ते पूर्ण केलं का, हे विचारा. नियमाने सीझनमध्ये आठवड्याला 20 तास आणि एक दिवस सुट्टी. पण सामन्याचा दिवस, कितीही लांबला तरी, 3 तासच धरतात, आणि प्रवास व फिजिओकडचा वेळ धरतच नाहीत. बिग टेन या लीगमध्ये 2024 पासून लॉस एंजेलिस, ओरेगन आणि सिएटलची विद्यापीठं आली, म्हणजे न्यू जर्सीच्या मुलीला लीगच्या सामन्यासाठी अख्खा देश ओलांडावा लागू शकतो. गुरुवारचा पेपर विमानतळावर लिहिण्याची तयारी असेल तरच हा विचार करा.

भेटीला गेलात की सराव बघायला मिळतो का ते विचारा आणि मिळाला तर पहिल्या सहा जणींकडे बघू नका. बाराव्या-तेराव्या मुलीला किती चेंडू मिळतात, तिची चूक झाल्यावर असिस्टंट कोच तिच्याशी बोलतो की नुसता चेंडू उचलतो, ते बघा. मुलींना कोच नसताना भेटा. प्रवासाला न नेलेल्या मुली त्या आठवड्यात काय करतात, हा एक प्रश्न पुरेसा आहे. कोणाची एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झाली असेल तर ती परत आली का आणि तिला कोणी सांभाळलं, हेही त्यांनाच विचारा.

ऑफर आली की शब्द आणि कागद वेगळे ठेवा. तोंडी होकार कोणालाच बांधत नाही, ना मुलीला, ना कोचला. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे अमुक कॉलेजात येण्याचं बांधील पत्र, ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं. आता सही होते ती थेट मदतीच्या करारावर, आणि तो विद्यापीठाशी असतो, कोचशी नाही. करार एक वर्षाचा की चार वर्षांचा, हे आधी वाचा. डिव्हिजन वनमध्ये कराराच्या मुदतीत दुखापत झाली किंवा खेळ घसरला म्हणून रक्कम कमी करता येत नाही. पण करार एका वर्षाचा असेल तर पुढच्या वर्षाचं काय, हे विचारून घ्या. रक्कम डॉलरमध्ये लिहिली आहे की टक्क्यांत, हेही पाहा. डॉलरमध्ये असेल तर पुढच्या वर्षी फी वाढली की फरक तुमच्या खिशातून जातो. उन्हाळी सत्राचे पैसे, पाचव्या वर्षाचे पैसे आणि गुणांवर मिळालेली दुसरी स्कॉलरशिप यासोबत चालते की नाही, या तिन्हींची उत्तरं आर्थिक मदत विभागाकडून ईमेलवर मागून घ्या, सही करायच्या आधी.