कार्ड परत उठलं

काल रात्री परभणीत घरी कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचं (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकत होतो अन् ऐन मधेच लाईट गेली. नंतर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. पोटात गोळाच आला. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं कार्ड ते.

आज मित्र सीएच३४१ए प्रोग्रामर, म्हणजे चिपवर थेट फाईल लिहायचं छोटं यंत्र, घेऊन आला. कार्डावरची आठ पायांची, तांदळाच्या दाण्याएवढी बायोस चिप (फर्मवेअर हिच्यातच असतं) शोधली. १.८ व्होल्टची निघाली. थेट ३.३ व्होल्ट दिले तर जळायची भीती, म्हणून मधे व्होल्ट कमी करणारा अडॅप्टर लावला. चिपला जोडायचा चिमटा तीनदा निसटला. चौथ्यांदा प्रोग्रामरनं चिप ओळखली! आधी काढून ठेवलेली फर्मवेअरची मूळ फाईल चढवली, पडताळली.

"काय करायलास रे सकाळपासून? जेव की," आई दारातून म्हणाली. तेवढ्यात स्क्रीन उजळली. डोळ्यांत पाणी आलं, खरंच. मित्रा, तुझे लई उपकार.