आजींची ट्रंक आणि चौथीचा वर्ग

‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहायला सांगा, निम्म्या वह्यांत पहिलं वाक्य ठरलेलं: “दचकलात ना? अहो, मी बोलतोय, तुमच्या कपाटातलं फाटकं पुस्तक!” मग पानं कुणी दुमडली, मुखपृष्ठ कुणी फाडलं, आणि शेवटी पुस्तकांची काळजी घ्या. गाइडातून नाहीतर मोठ्या बहिणीच्या वहीतून आलेलं. खरं तर दुसऱ्याच्या कातडीत शिरून लिहायचा हा केवढा मोठा वारसा मराठी शाळेकडे आहे. घोटाळा एवढाच की मूल कधी पुस्तक झालेलंच नसतं. भूमिका त्याच्या वाट्याला येते ती थेट कागदावर, आणि तीही दहा गुणांसाठी.

इथे इंग्लंडमध्ये क्रम उलटा आहे. शाळेचं पहिलं वर्ष चार-पाच वर्षांच्या मुलांचं. त्या वर्गात एक कोपरा भातुकलीचा असतो. कधी दुकान, कधी पोस्ट, कधी जनावरांचा दवाखाना. कोपऱ्यात खोटा फोन असतो, आणि फोनशेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कागदांचा गठ्ठा. फोन आला की ‘डॉक्टरीणबाई’ कुत्र्याचं नाव आणि वेळ टिपून घेतात. अक्षरं उलटी, निम्मी गाळलेली, पण नोंद होते. ‘लिही’ असं कुणी म्हणालेलं नसतं. नोंद केली नाही तर कुत्रा ताटकळेल, म्हणून लिहिलं जातं.

ही कल्पना मोठ्या मुलांपर्यंत नेली डोरोथी हीथकोट यांनी. यॉर्कशरमधल्या या बाई चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत मागावर लागल्या, पुढे नाट्यशिक्षण घेतलं आणि न्यूकॅसल विद्यापीठात अनेक वर्षं शिक्षकांना घडवलं. 2011 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘मँटल ऑफ द एक्स्पर्ट’, म्हणजे तज्ज्ञाचा अंगरखा. मुलं नाटक ‘करत’ नाहीत. ती एखाद्या कामातली जाणकार माणसं होतात, त्यांच्याकडे कुणीतरी गिऱ्हाईक येतं, आणि त्या कामातच पत्रं, नोंदी, पाट्या, अहवाल लिहावे लागतात. प्रेक्षक नसतात. गॅदरिंगच्या नाटुकल्याशी याचा काही संबंध नाही. पाठांतर नाही, मिशा नाहीत, कार्डबोर्डाचे मुकुट नाहीत.

पुण्याच्या वर्गात हे कसं बसेल, ते एका उदाहरणाने सांगतो. वर्ग चौथीचा, मुलं 45, बाक जमिनीला खिळलेले नसले तरी हलवायला जागा नाही. विषय पानशेतचा पूर.

आधी विषयाबद्दल. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा त्याचं बांधकाम पुरं व्हायचं होतं. पाठोपाठ खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी काठच्या पेठांमध्ये शिरलं. मुलांना एवढं पुरे. आता पहिली चूक इथेच होते: उत्साहाच्या भरात मुलांना पूरग्रस्त करायचं. “पाणी येतंय, पळा!” म्हटलं की वर्ग पळतो, किंचाळतो, दोघं बाकावर चढतात, आणि नंतर वहीत येतं ‘पाणी आले. आम्ही पळालो. खूप मजा आली.’ शिवाय जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. तिथलं एखादं मूल तुमच्या वर्गात असू शकतं, त्याला तो खेळ वाटणार नाही. म्हणून अंतर ठेवायचं. मुलं पुरात नाहीत. पुरानंतर साठेक वर्षांनी पुण्यातल्या एका छोट्या संग्रहालयात काम करणारी ती माणसं आहेत, आणि त्यांना पुराचं दालन मांडायचं आहे. तेच दुःख हातात येतं, पण वस्तू म्हणून, जपून.

सामान थोडंच लागतं. एक जुनी पत्र्याची ट्रंक, एक शाल, आणि ट्रंकेत पाच वस्तू. शाल घेतली की शिक्षक होतो पुरातून वाचलेली एक आजी, ट्रंक तिची. पाचाहून जास्त ठेवल्या की मुलं उचकापाचक करत बसतात, विचार करत नाहीत. काच नसलेला कंदील, एक फुलपात्र, एक दुमडलेला रेशनकार्डासारखा कागद, कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली, आणि एक वही. वही आदल्या दिवशी तयार करायची. शाईच्या पेनाने चार ओळी लिहा; बॉलपेनची शाई पसरत नाही, मग सगळा खेळ फुकट. कपभर उकळत्या पाण्यात दोन चमचे चहापूड घालून पाणी गार करा आणि पानांचा फक्त खालचा अर्धा भाग त्यात पाच मिनिटं धरा. सावलीत वाळवलं की पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची रेघ दिसते, वरची अक्षरं शाबूत आणि खालची निळा ढग झालेली. मुलं सगळ्यात जास्त वेळ या रेघेकडे बघतात. किल्लीवरही पुष्कळ चर्चा होते, कारण तिचं उत्तर कुणाकडेच नाही.

तासिका पस्तीस मिनिटांची धरली तर लागोपाठच्या दोन मागून घ्या. सुरुवातीला पाच मिनिटं करार: “मी शाल घेतली की मी बाई नसेन. शाल काढली की परत बाई. तुम्ही संग्रहालयातली माणसं. चालेल?” हे विचारावंच लागतं, न विचारता सुरू केलं तर मुलांना आपली फसवणूक चालली आहे असं वाटतं. फळ्यावर दोन रकाने आखा, एकावर ‘खरं घडलेलं’, दुसऱ्यावर ‘आपण रचलेलं’. तारीख आणि धरण पहिल्या रकान्यात, आजी आणि ट्रंक दुसऱ्यात. इतिहासाची सरमिसळ त्याने टळते.

मग शाल. आजी होताना आवाज थरथरवू नका, कंबर वाकवू नका. शिक्षक जितका अभिनय करतो तितका वर्ग प्रेक्षक होतो आणि गप्प बसतो. शाल घ्या, खुर्चीवर बसा, ट्रंक मांडीवर घ्या आणि साध्या आवाजात म्हणा: “संग्रहालयवाले तुम्हीच ना? मुलगा म्हणाला देऊन टाक. पण मला नाही द्यायची. तुम्ही काय, एक पाटी लावाल आणि विसरून जाल. अहो, तुम्हीच सांगा, काय लिहाल पाटीवर?”

त्या ‘अहो’कडे लक्ष द्या. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे इथल्या शिक्षकांना मुलांना मोठं करायला ‘डॉक्टर’, ‘कर्नल’ अशा हुद्द्यांचा आधार घ्यावा लागतो. मराठीत ते काम एका सर्वनामात होतं. शाळेत ज्याला दिवसभर ‘ए, तू, शेवटच्या बाकावरचा’ म्हणतात, त्याला कुणी “काय हो साहेब, तुमचं काय म्हणणं?” असं विचारलं की तो आपोआप ताठ बसतो आणि पूर्ण वाक्यात बोलतो. हे हत्यार आपल्याकडे फुकट आहे, वापरलं मात्र जात नाही.

पहिली दोन मिनिटं मुलं हसतात. ओरडू नका आणि शालही काढू नका. आजींनीच म्हणावं, “हसा, हसा. कंदील बघून हल्ली सगळेच हसतात.” हसू तिथेच विरतं. दुसरी अडचण: तेच चार हात वर. त्यासाठी प्रत्येक बाकाला एक चिठ्ठी द्या, बाकावरच्या तिघांनी मिळून एकच प्रश्न लिहायचा. पंधरा बाक, पंधरा प्रश्न. मग आजींना ते विचारायचे. तिसरी अडचण म्हणजे कुणीतरी म्हणतंच, “आजी, तुम्हाला भुताने वाचवलं का?” नाही म्हटलं तर मूल मिटतं, हो म्हटलं तर दालनाचा भूतबंगला होतो. शाल काढा, सहकाऱ्याच्या सुरात विचारा: “अहो, नोंदवहीत ही नोंद कुठल्या रकान्यात टाकू? पुरावा काय लिहू?” बहुतेक वेळा तेच मूल म्हणतं, “राहू दे, नको लिहू या.”

आणि आता खरी मेख. थांबायचं कधी? बहुतेक शिक्षक दृश्य रंगलं की पुढे नेतात, आजी ट्रंक देऊन टाकतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि मग दुसऱ्या दिवशी ‘काल आपण काय केलं ते लिहा’. तेव्हा कागदावर काहीच उतरत नाही, कारण लिहिण्याची गरजच संपलेली असते. ट्रंक मिळायच्या आधी थांबा. आजी उठतात, म्हणतात, “पाट्या लिहून दाखवा, मग ठरवते,” आणि शाल उतरते. त्या क्षणी कागद आणि पेन्सिल बाकावर आधीच हवी. वही काढा, समास आखा, तारीख घाला यात चार मिनिटं गेली की हवा गेली.

कागद पोस्टकार्डाएवढा, शब्द तीसपर्यंत, वेळ बारा मिनिटं. फळ्यावर फक्त नामं लिहून ठेवा: कंदील, काच, पाण्याची रेघ, माळा. वाक्यं लिहिलीत तर 45 पाट्या सारख्या येतात.

पहिला मसुदा साधारण असा असतो: ‘हा कंदील आहे. तो जुना आहे. तो पुरात सापडला.’ चूक काही नाही, पण आजी यावर ट्रंक देणार नाहीत. शाल पुन्हा घ्या, पाटी मोठ्याने वाचा आणि एवढंच विचारा: “काच कुठे गेली, ते नाही लिहिलंत?” मुलं विचारतात, कुठे गेली? “फुटली नाही हो. उशीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. काच राहिली वर, कंदील गेला खाली.” दुसरा मसुदा मग असा होतो: ‘या कंदिलाची काच फुटलेली नाही. ती उशीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. पाणी माळ्यापर्यंत आले नाही. कंदील चिखलात सापडला.’ विशेषण एकही वाढलेलं नाही, पण वाचणारा थबकतो. ‘वर्णन वाढव’ असं दहादा सांगून जे होत नाही ते आजींच्या एका प्रश्नाने होतं, कारण प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे, परीक्षकाचा नाही.

याच ठिकाणी प्रमाणभाषेचा जुना तिढाही थोडा सैल होतो. आजी ‘सापडलं’ म्हणतात, पाटीवर ‘सापडले’ येतं. कुणी आजींच्या तोंडी ‘पानी लई चढलं व्हतं’ घालायचं म्हणालं तर अवतरणचिन्हांत तसंच राहू द्या, दुरुस्त करू नका. संग्रहालय माणसाचे शब्द बदलत नाही. अवतरणाबाहेरचं मात्र छापायच्या भाषेत. घरची बोली चुकीची न ठरवता दोन्हींतला फरक मुलांना कळतो, आणि अवतरणचिन्हांचा उपयोगही पहिल्यांदाच पटतो.

तपासताना लाल पेन बाजूला. प्रत्येक पाटीला एक चिठ्ठी जोडा: ‘छपाईपूर्वी तीन शब्द तपासावेत. – दालनप्रमुख.’ कुठले तीन ते सांगायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुका एका पाटीत काढल्या तर पुढच्या वेळी मूल पाच शब्दांचीच पाटी लिहितं, आणि ती अचूक असते.

बाकांमधली वाट वाया घालवू नका. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं दोन्ही बाजूंच्या मुलांनी कुजबुजायचं, डावीकडच्यांनी ‘द्या ट्रंक’, उजवीकडच्यांनी ‘नका देऊ’, आणि आजींनी मधून चालत जायचं. शेवटाला पोचल्यावर आजी म्हणतात, “पत्राने कळवते.” ते पत्र मुलंच लिहितात, आजी होऊन. मायना, तारीख, ‘आपली विश्वासू’, सगळं तिथे कामाला येतं. घटक चाचणीतलं पत्रलेखन यातूनच सुटतं, हे पालकसभेत सांगायला विसरू नका. ‘वर्गात नुसती नाटकं चालतात’ ही तक्रार येणारच. तेव्हा पहिला आणि दुसरा मसुदा शेजारीशेजारी लावलेला कागद पुढे करा.

इथलं, इंग्लंडमधलं, सगळं सोनं आहे असं मात्र समजू नका. लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं असा कायदा आहे, मदतनीसही अनेकदा असतो, हे खरं. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना अभ्यासक्रमात वाक्याच्या सुरुवातीला क्रियाविशेषण आणायला शिकवतात, आणि मग मूल्यमापनाची यादी पुरी करायला मुलं प्रत्येक वाक्य ‘अचानक,’ किंवा ‘दुसऱ्या दिवशी सकाळी,’ने सुरू करतात. गाइड इथेही आहे, फक्त छापील नाही.

एक किरकोळ सूचना राहिली. आजींची शाल वेगळी ठेवा, ट्रंकेतच. डिसेंबरात सकाळच्या शाळेला थंडी वाजली म्हणून तीच अंगावर घेतलीत, तर पहिल्या बाकावरून “आजी, ती किल्ली कशाची होती?” असा प्रश्न येतोच, आणि तास तेव्हा भागाकाराचा असतो.